पाच कडवी की सहा?

तुमच्या फोनमध्ये आत्ता ‘अमेरिकन लिट फायनल नोट्स’ अशा नावाची एखादी पीडीएफ आहे का? असेल तर लाजू नका. आमच्या वेळी पीडीएफ नव्हती, स्पायरल बाइंडिंग केलेला झेरॉक्सचा गठ्ठा होता, एवढाच फरक. सीनियरकडून ज्युनियरकडे जाता जाता त्याची अक्षरं पुसट होत जायची, उत्तरं मात्र तीच राहायची. डिकिन्सन म्हटलं की मृत्यू. व्हिटमन म्हटलं की लोकशाही. थोरो म्हटलं की निसर्ग, आणि मेल्व्हिल म्हटलं की देवमासा. परीक्षेच्या आदल्या रात्री एवढं पुरायचं.

मला तर पुरून उरलं. टीवायच्या इंटर्नलमध्ये एमिली डिकिन्सनवर दहा मार्कांचा प्रश्न आला. मृत्यू एखाद्या सभ्य गृहस्थासारखा घोडागाडी घेऊन दाराशी येतो आणि कवितेतली ‘मी’ त्याच्यासोबत निघते, ती कविता. मी झोकात लिहिलं की कवयित्री मृत्यूला शांतपणे, निर्भयपणे सामोरी जाते, कवितेत भीतीचा लवलेशही नाही. हे वाक्य माझं नव्हतं, गठ्ठ्याचं होतं. मार्क मस्त पडले.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बारावीपर्यंत मराठी मीडियमची. तिला गठ्ठा मिळाला नव्हता. ती लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक घेऊन, बाजूला डिक्शनरी उघडून, एकेक शब्द लावत बसायची. तिने लिहिलं की ही बाई निघते तेव्हा निवांत असते, पण मध्येच तिला थंडी वाजायला लागते, आपल्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे तिच्या लक्षात येतं, इथे ती घाबरली असावी. तिला दहापैकी तीन मिळाले. पेपर परत देताना तिला विचारलं गेलं, ‘ही थंडी कुठून आणलीस? कवितेत आहे का कुठे?’ ती काहीच बोलली नाही. मीसुद्धा नाही, कारण माझ्या गठ्ठ्यातल्या कवितेत खरंच थंडी नव्हती. तिचं इंग्रजी कच्चं आहे, तिने काहीतरी भलतंच वाचलं, असं वर्गाने ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर तिनेही तेच ठरवलं. त्यानंतरचे सगळे पेपर तिने माझ्या गठ्ठ्यातून लिहिले.

थंडी कवितेत होती. माझ्याकडच्या कवितेत एक अख्खं कडवं नव्हतं.

हे कसं झालं ते मला कळायला पुढे काही वर्षं गेली. पण ती गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य शिकायचं म्हणजे काय करायचं याचं उत्तर बरंचसं त्या गोष्टीत आहे.

शिवलेल्या वह्या

मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट या छोट्या गावात 15 मे 1886 रोजी एमिली डिकिन्सन गेली, तेव्हा ती 55 वर्षांची होती. जिवंतपणी तिच्या फार तर दहाएक कविता छापून आल्या होत्या, त्याही नावाशिवाय. मग तिची बहीण लॅव्हिनिया हिला तिच्या खोलीत कवितांचा साठा सापडला. त्यात हाताने शिवलेल्या चाळीसेक छोट्या वह्या होत्या. कागद दुमडायचे, त्यावर कविता नीट उतरवायच्या, मग कडेला भोकं पाडून दोऱ्याने शिवायच्या. शिवाय सुटे कागद होते, पाकिटांच्या उलट्या बाजू होत्या, चॉकलेटचं वेष्टनही होतं. एकूण कविता जवळपास अठराशे! बहीण कविता लिहिते हे घरात ठाऊक होतं, पण इतक्या असतील याची कल्पना लॅव्हिनियालाही नव्हती.

आता यापुढचा भाग कुठल्याही वेबसिरीजला लाजवेल असा आहे. लॅव्हिनियाने कविता आधी वहिनीकडे, सूझनकडे दिल्या. सूझन एमिलीची जिवाभावाची मैत्रीण, अनेक कविता एमिलीने तिला पाठवलेल्या. पण सूझनचं काम पुढे सरकेना. लॅव्हिनियाला घाई. तिने कविता काढून घेतल्या आणि मेबल लूमिस टॉड या बाईंकडे सोपवल्या. या मेबलबाईंचे सूझनच्या नवऱ्याशी, म्हणजे एमिलीच्या भावाशी, प्रेमसंबंध होते. पुढे जमिनीच्या एका तुकड्यावरून लॅव्हिनिया आणि मेबल कोर्टात गेल्या, आणि मेबलने आपल्याकडची हस्तलिखितं पेटीत बंद करून ठेवली. आजही डिकिन्सनची बरीचशी हस्तलिखितं दोन ठिकाणी विभागलेली आहेत, काही हार्वर्डमध्ये, काही ॲमहर्स्ट कॉलेजमध्ये. घरातलं भांडण जगाच्या साहित्यात असं कायमचं नोंदलं गेलं.

मेबलच्या जोडीला संपादक म्हणून आले थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. 1862च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘अटलांटिक मंथली’त नव्या लेखकांना सल्ला देणारा लेख लिहिला होता. तो वाचून एमिलीने त्यांना चार कविता पाठवल्या आणि विचारलं, यांच्यात जीव आहे का? हिगिन्सनना कवितांचं कुतूहल वाटलं आणि त्या समजेनातही. त्याच वर्षी ते यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका रेजिमेंटचे कर्नल म्हणून दक्षिणेत गेले. म्हणजे माणूस भित्रा नव्हता. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या या माणसाला छोट्याशा डॅशची मात्र धास्ती वाटली!

कारण एमिलीच्या कवितेत जिथे तिथे डॅश आहेत. ओळीच्या मध्ये डॅश, शेवटी डॅश, कविता संपली तरी डॅश. मध्येच एखादं साधं नाम कॅपिटल अक्षराने सुरू होतं. यमक जुळतंय असं वाटेपर्यंत निसटतं. 1890 मध्ये पहिलं पुस्तक निघालं तेव्हा या दोघांनी बरेच डॅश काढून स्वल्पविराम घातले, कॅपिटल अक्षरं छोटी केली, काही ठिकाणी शब्द बदलून यमक जुळवलं, आणि ज्या कवितांना एमिलीने शीर्षकं दिली नव्हती त्यांना शीर्षकं दिली. गाडीवाल्या कवितेचं नाव पडलं ‘द चॅरियट’. चॅरियट म्हणजे रथ. मूळ कवितेत साधी बग्गी, संपादकांनी तिचा रथ केला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. गाडी एका शाळेवरून जाते. एमिलीच्या कवितेत मधल्या सुट्टीत मुलं रिंगण करून झटापट करतायत, चढाओढ करतायत. संपादित कवितेत ती नुसती खेळतात, आणि त्यांचे धडे नुकतेच संपलेत असं सांगितलंय. मग पिकलेलं शेत, मग मावळणारा सूर्य. आपण सूर्याला मागे टाकून पुढे गेलो असं ‘मी’ म्हणते, आणि चौथ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीत स्वतःला दुरुस्त करते, की नाही, सूर्यच आपल्याला मागे टाकून गेला. त्या दुरुस्तीनंतर संध्याकाळचं दव पडतं, गारवा येतो. अंगावर आहे ते अगदी तलम कापड.

हे चौथं कडवं 1890च्या पुस्तकात नाही. काढून टाकलं.

ते नसताना कविता वाचून बघा. शाळा, शेत, सूर्य, आणि लगेच जमिनीतून जेमतेम वर आलेलं ते घर. छान संथ सहल. कडवं परत ठेवा आणि वाचा. आता आपण चाललोय की थांबलोय, हेच कळेनासं होतं. जी बाई इतका वेळ आत्मविश्वासाने सगळं सांगत होती, तिला कळतं की आपण या प्रवासाचे कपडे घालून निघालोच नव्हतो. कवितेत भीतीचा लवलेशही नाही, असं वाक्य ते कडवं वाचलेला कुणीही लिहू शकणार नाही. गठ्ठा तयार करणाऱ्याने ते वाचलं नव्हतं. मी वाचलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्यांनीही बहुधा नाही. माझ्या मैत्रिणीने वाचलं होतं.

संपादकांना खलनायक करायचं कारण नाही. त्यांच्यामुळेच पुस्तक खपलं, दोनेक वर्षांत अकरा वेळा छापलं गेलं. त्यांनी उचल खाल्ली नसती तर त्या वह्या कदाचित माळ्यावरच राहिल्या असत्या. पण मूळ डॅशसकट, कडव्यासकट, सगळ्या कविता एकत्र वाचकांसमोर यायला 1955 उजाडलं. थॉमस जॉन्सन या अभ्यासकाने तेव्हा 1775 कवितांची तीन खंडांची आवृत्ती काढली. पुढे 1998 मध्ये आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांची आवृत्ती आली, त्यात 1789 कविता आहेत.

आता तुमच्या कामाची गोष्ट. 1890च्या दशकातल्या छापील कवितांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. नव्या आवृत्त्यांच्या मजकुरावर हार्वर्डचा हक्क आहे. म्हणून फुकट वेबसाइटवर, स्वस्त गाइडमध्ये आणि पीडीएफमध्ये जुनी, इस्त्री केलेली कविता सापडण्याची शक्यता जास्त. एआयला विचारलंत तर तो कुठली आवृत्ती उचलेल याची खात्री नाही. तेव्हा तुमच्याकडची कविता उघडा आणि कडवी मोजा. वर ‘द चॅरियट’ असं नाव असेल आणि कडवी पाच असतील तर ती 1890ची. सहा असतील आणि डॅश डोळ्यात खुपत असतील तर तुम्ही एमिलीच्या जवळ आहात.

त्याहून जवळ जायचं असेल तर ‘एमिली डिकिन्सन आर्काइव्ह’ ही वेबसाइट उघडा. तिथे तिच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची पानं बघायला मिळतात, तीही फुकट. पानावर काही शब्दांशेजारी अधिकचं छोटं चिन्ह दिसेल आणि पानाच्या तळाशी त्याच शब्दाला पर्याय लिहिलेले दिसतील. एक पर्याय, दोन पर्याय, कधी त्याहून जास्त. अनेकदा तिने त्यातला एकही खोडलेला नाही. म्हणजे ‘कवयित्रीने हाच शब्द का निवडला?’ हा आपला आवडता परीक्षेचा प्रश्न काही कवितांना विचारताच येत नाही. तिने निवडलेलाच नाही!

आणि ते डॅश म्हणजे नक्की काय? खरं सांगू, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एक साधा प्रयोग करा. कविता मोठ्याने वाचा. तिचा ठेका चर्चमध्ये गातात त्या प्रार्थनागीतांचा आहे, चार आघातांची ओळ, मग तीन आघातांची, पुन्हा चार, पुन्हा तीन. ॲमहर्स्टमधल्या प्रत्येक पोराच्या कानात ही चाल लहानपणापासून बसलेली असणार. मर्ढेकरांनी अभंगाची चाल घेऊन त्यात गिरणीच्या भोंग्याचं जग बसवलं, तसंच काहीसं. चाल ओळखीची, म्हणून जीभ भराभर पुढे जाते, आणि डॅश येऊन तिला अडवतो. आपण कुठे अडकतो हे ज्याचं त्याने वाचून बघायचं. त्याची नोट्स निघत नाहीत.

जाता जाता, ‘पांढरे कपडे घालून खोलीत कोंडून घेतलेली दुःखी बाई’ हे चित्रही थोडं बाजूला ठेवा. ती उत्तम माळीण होती. शाळकरी वयात तिने केलेला वाळलेल्या फुलापानांचा संग्रह आजही आहे, त्यात 424 नमुने आहेत. 1856 मध्ये गावच्या जत्रेवजा प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्या पावाचं नाव ‘राय अँड इंडियन’. त्यातला इंडियन म्हणजे आपण नव्हे, मक्याचं पीठ.

नाव नंतर पडलं

एकदा हे कडव्याचं प्रकरण कळलं की सगळा सिलॅबस संशयाने बघावासा वाटतो. बघाच.

वॉल्ट व्हिटमनचं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ घ्या. 1855च्या जुलैत ब्रुकलिनमध्ये त्याने ते स्वखर्चाने छापलं, काही पानांचे खिळे स्वतः जुळवले. प्रती 795, कविता बारा, एकीलाही स्वतःचं वेगळं शीर्षक नाही. शीर्षकपानावर लेखकाचं नावही नाही. त्याऐवजी समोरच्या पानावर एका माणसाचं चित्र, शर्टाचं बटण उघडं, एक हात कमरेवर, डोक्यावर तिरकी हॅट. कवीने कवीसारखं दिसायचं नाही असं ठरवून काढून घेतलेलं. मग गड्याने काय केलं? आपल्याच पुस्तकाची परीक्षणं निनावी लिहून छापून आणली. इमर्सनने खासगी पत्रातून कौतुक केलं, तर ते पत्र न विचारता वर्तमानपत्रात दिलं, आणि 1856च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं एक वाक्य सोनेरी अक्षरांत ठोकलं. सेल्फ प्रमोशन आपल्या पिढीने शोधलं असं वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

गाइडमध्ये लिहिलेलं असतं, ‘साँग ऑफ मायसेल्फ, 1855’. कविता 1855ची, हे खरं. पण तिला ते नाव 1881 मध्ये मिळालं. आधी तिला नावच नव्हतं, मग 1856 मध्ये ‘पोएम ऑफ वॉल्ट व्हिटमन, ॲन अमेरिकन’, मग 1860 मध्ये नुसतं ‘वॉल्ट व्हिटमन’. तुम्ही वर्गात ज्या 52 भागांवर प्रेझेंटेशन वाटून घेता, ते आकडे 1867चे. पहिल्या वाचकासमोर पानामागून पान वाहत जाणारी एक सलग, बिननावाची गोष्ट होती. हा माणूस जवळजवळ मरेपर्यंत एकच पुस्तक पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. 1891-92च्या शेवटच्या आवृत्तीत बाराच्या जवळपास चारशे कविता झाल्या होत्या. सगळ्या आवृत्त्या ‘वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह’वर आहेत. एकच कविता 1855 आणि 1881ची शेजारी शेजारी ठेवून वाचा, प्रोजेक्टसाठी दुसरं काही लागणार नाही.

थोरोचंही तेच. ‘सिव्हिल डिसओबिडियन्स’ हे नाव त्याच्या हयातीत त्या निबंधाला नव्हतं. 1849 मध्ये तो छापला गेला तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, आज आपण वापरतो ते 1866 मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी चिकटलं. हाच निबंध गांधीजींनी 1907 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढे ठेवला. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, आणि आणीबाणीत सरकारविरुद्ध उघडपणे बोलून त्या तुरुंगातही गेल्या. ‘थोरो म्हणजे निसर्ग’ एवढंच पाठ असेल तर ही साखळी लागतच नाही. ‘वॉल्डन’मध्ये आपली मुंबईही येते. त्या काळी न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात रचून, जहाजाने भारतात यायचा. आपल्या तळ्यावर बर्फ कापणारे मजूर बघून थोरोच्या मनात येतं, की हे पाणी आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे उकाड्याने हैराण झालेले लोक पिणार. पुस्तक चाळताना तेवढं पान शोधा.

मेल्व्हिलचं थोडक्यात सांगते. ‘मोबी डिक’ 1851 मध्ये आधी लंडनला निघालं, मग न्यूयॉर्कला. लंडनच्या आवृत्तीत शेवटचा छोटा उपसंहार छापायचाच राहून गेला. त्या पानात इश्माएल कसा वाचला ते आहे. त्यामुळे तिथल्या काही परीक्षणकर्त्यांनी विचारलं, जहाजावरचे सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतंय कोण? बिनतोड प्रश्न! पुस्तक पडलं. मेल्व्हिलने पुढे न्यूयॉर्कच्या बंदरात कस्टम्समध्ये 19 वर्षं नोकरी केली. 1891 मध्ये तो गेला तेव्हा त्याला लोक विसरले होते. ‘महान अमेरिकन कादंबरी’ वगैरे सगळं 1919 मधल्या त्याच्या जन्मशताब्दीनंतरचं. माझं मत विचाराल तर सुरुवात देवमाशापासून करू नका, मीही दोनदा अर्ध्यात सोडलं होतं. ‘बार्टलबी’ ही वॉल स्ट्रीटवरच्या कारकुनाची मोठी कथा वाचा. ऑफिसातलं काम तो अत्यंत नम्रपणे नाकारायला लागतो. इंटर्नशिप केलेल्या प्रत्येकाला ती कळेल.

रिकामी ठेवलेली जागा

आतापर्यंतच्या गोष्टी संपादकांच्या, छापखान्याच्या, कवीच्या हौसेच्या होत्या. फ्रेडरिक डग्लसची वेगळी आहे. त्याच्या पुस्तकात एक जागा रिकामी आहे, आणि ती त्याने स्वतः ठेवली आहे.

डग्लस मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. लहानपणी त्याला बाल्टिमोरला एका घरी पाठवलं. तिथल्या मालकिणीने त्याला एबीसी शिकवायला सुरुवात केली. मालकाने ते थांबवलं. गुलामाला वाचायला आलं की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने ते ऐकलं, आणि सुटकेचा रस्ता कुठून जातो हे मालकानेच त्याला सांगून टाकलं. मग घरातला पाव खिशात घेऊन तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायचा. गोदीत लाकडाच्या तुकड्यांवर जहाजाची कुठली बाजू ते सांगणारी अक्षरं लिहिलेली असायची, त्यावरून लिहायला शिकला. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत ओळींच्या मध्ये जी जागा सुटलेली असायची, त्या जागेत तो तीच अक्षरं गिरवायचा.

1838 मध्ये तो निसटला. 1845 मध्ये आत्मकथन छापलं, जे तुमच्यापैकी काहींना सिलॅबसला असेल. वाचताना तुमची उत्सुकता ताणली जाते, आता पळणार, आता पळणार. आणि ऐन वेळी तो सांगतो की कसा पळालो ते मी सांगणार नाही. सांगितलं असतं तर मदत करणारे अडकले असते, आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. पुस्तक छापल्यावर तो स्वतःच धोक्यात आला, ब्रिटनला निघून गेला, तिथल्या मित्रांनी पैसे जमवून त्याचं स्वातंत्र्य कायद्याने विकत घेतलं. 1855 मध्ये त्याने दुसरं आत्मकथन लिहिलं. तेव्हाही गुलामगिरी चालू होती, तेव्हाही ती जागा रिकामीच. 1881च्या तिसऱ्या आत्मकथनात मात्र सगळं येतं, खलाशाचा वेश, उसने घेतलेले दुसऱ्याचे कागद, बाल्टिमोरहून सुटणारी रेल्वे. थरारक आहे. पण मला 1845ची न सांगितलेली पानं जास्त मोलाची वाटतात. तिथे लेखकाने स्वतःच्या पुस्तकाचा सर्वांत गाजला असता असा प्रसंग दुसऱ्यांच्या जिवासाठी सोडून दिलाय.

या पुस्तकांच्या मागे जी लढाई होती तिचे पडसाद पुण्यापर्यंत आले होते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. फुल्यांनी डग्लस वाचला होता असा दावा मी करत नाहीये. पण ‘गुलामगिरी’चं हे पान आणि डग्लसचं पहिलं आत्मकथन एका संध्याकाळी पाठोपाठ वाचून बघा. अमेरिकन लिटरेचरचा पेपर लांबच्या देशातला वाटेनासा होतो.

मार्कांचं काय, असं तुम्ही विचारणारच. रास्त आहे. माझा सल्ला एवढाच, की उत्तरात आवृत्तीचं साल घाला. ‘1890च्या आवृत्तीत हे कडवं नाही, 1955च्या आवृत्तीत आहे, आणि ते वाचल्यावर मला असं वाटतं’ अशी सुरुवात केलीत तर समोरच्याला निदान तपासून तरी बघावं लागेल. माझ्या मैत्रिणीकडे पुस्तक होतं, ओळ होती, अर्थही बरोबर होता. आपल्या हातातली कविता आणि वर्गाच्या हातातली कविता या दोन वेगळ्या आहेत, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी अडतंय म्हणून गाइडकडे वळणाऱ्यांना तर मी मुद्दाम सांगेन, डिक्शनरी घेऊन अडखळत वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागतं. त्या वर्गात थंडी वाजलेली एकटी तीच होती.

ती आता एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. वर्षातून एकदा, सिलॅबसमध्ये नसतानाही, ती त्या कवितेच्या दोन प्रिंटआउट वाटते, एक पाच कडव्यांची, एक सहा. कवीचं नाव झाकलेलं. कुठली आवडली ते विचारत नाही, कुठे थांबलात ते विचारते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी तोंड उघडत नाही, हात वर करून सांगितलं की दुसऱ्या कागदावर गाडी बंद पडल्यासारखी वाटते.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवला. नाव घालणार नाही असं कबूल केलं, तेव्हा ती हो म्हणाली. मी आधी ‘दहापैकी चार’ असं लिहिलं होतं. तिने मला तिथेच अडवलं. म्हणाली, ‘चार नाही गं, तीन होते. नीट लिही.’